आदल्या संध्याकाळचे काम

सन १९४३ च्या जानेवारीच्या मध्यास जर्मन वायुदलाचा महानिरीक्षक फील्डमार्शल एर्हार्ड मिल्ख आझोव्ह समुद्राकाठच्या टागानरोग या गावी येऊन दाखल झाला, तेव्हा त्याच्यावर सोपविलेली कामगिरी शब्दांत मांडावयास अगदी सोपी होती : स्टालिनग्राड येथे वेढ्यात सापडलेल्या सहाव्या सैन्यास आकाशमार्गे रसद पोहोचती करावयाची. हुकूम खुद्द हिटलरचा होता आणि त्यासाठी लागेल तो अधिकारही त्याने बहाल केला होता. मिल्ख हा युद्धापूर्वी लुफ्तहान्झा या नागरी विमान-कंपनीचा कर्ताधर्ता असल्यामुळे ज्या तीन इंजिनी युंकर्स विमानांवर ही सारी भिस्त होती, ती त्याच्या पूर्ण परिचयाची होती. परंतु तळांवरील विमानांची हजेरी घेतली असता त्या दिवशी उड्डाणास योग्य अशी विमाने एकूण संख्येच्या एक-तृतीयांशाच्या घरातही जेमतेम भरली. शत्रूने जायबंदी केलेली विमाने त्यांत पुष्कळ होती, हे खरे. तथापि ज्यांच्या अंगावर गोळीचा ओरखडाही उठला नव्हता अशीही कित्येक विमाने बर्फात नुसती उभी होती, कारण त्यांची इंजिने सकाळी चालू होत नव्हती.

दैवही त्या माणसाशी काही बरे वागत नव्हते. चौकशीस आरंभ करून धावपट्टीकडे निघाला असता त्याच्या मोटारीला आगगाडीच्या इंजिनाने धडक दिली, आणि पुढचे कित्येक दिवस मोडलेल्या बरगड्यांना पट्ट्या बांधून त्याला कारभार हाकावा लागला.

स्टालिनग्राडच्या हवाई रसदीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. वायुदलप्रमुख गोरिंगची बढाई, हिटलरचा हट्ट, सोव्हिएट विमानविरोधी तोफांचा मारा, अंतर, धुके या सर्व कारणांची मीमांसा इतिहासकारांनी साक्षेपाने केलेली आहे. मात्र थिजलेल्या इंजिनांची हकीकत त्या ग्रंथांतून बहुधा एखाद्या वाक्यात उरकली जाते. इंजिन चालू करणे ही जणू दाराची कडी काढण्याइतकी किरकोळ बाब असावी, अशी आपणां उष्ण कटिबंधातील वाचकांची सहज समजूत असते. पण उणे तीस अंशांच्या थंडीत उघड्या माळावर रात्रभर उभे असलेले मालवाहू विमान सकाळी उडणार की नाही, याचा निकाल आकाशात लागत नाही. तो जमिनीवर लागतो, आणि तोही बहुतांशी आदल्या संध्याकाळीच लागून गेलेला असतो. या लेखाचा विषय ते संध्याकाळचे काम आणि ते करणारी माणसे हा आहे.

प्रथम वंगणाचा विचार करू. पौष महिन्यात देशावरच्या घरांतून खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही, आणि ती उन्हात वा चुलीच्या वैलापाशी ठेवावी लागते, हा अनुभव सर्वांचाच आहे. विमानाच्या इंजिनातील तेलाची गत तत्त्वतः तीच, फक्त येथे बाटलीऐवजी शेकडो सुट्या भागांचे एक अवजड यंत्र त्या तेलात रुतून बसलेले असते. चक्राकार सिलिंडर मांडलेल्या जुन्या इंजिनांना जे वंगण लागे ते मोटारगाडीच्या तेलाहून पुष्कळच दाट असे, कारण उड्डाणातील प्रचंड उष्णतेत त्याने पातळ होऊन दगा देता कामा नये. दिवसा जो गुण, तोच रात्री दुर्गुण ठरतो. शून्याखाली वीसेक अंशांवर हे तेल वाहण्याचे नाव घेत नाही. मग क्रँकशाफ्ट फिरविण्यास स्टार्टरची शक्ती अपुरी पडते, आणि दांडगाईने तो फिरविलाच तर बेअरिंगपर्यंत तेल पोहोचण्यापूर्वीच धातूवर धातू घासून इंजिनाची कायमची हानी होते. त्यातच ॲल्युमिनियमचे कवच पोलादी दांड्यापेक्षा अधिक आकसत असल्यामुळे दोहोंमधील फट आधीच अरुंद झालेली असते.

पेट्रोलची तऱ्हा आणखी वेगळी. स्पार्क प्लगची ठिणगी पेटविते ती पेट्रोलची वाफ, द्रव पेट्रोल नव्हे. आणि कडाक्याच्या थंडीत पेट्रोलची वाफच पुरेशी होत नाही. म्हणून जास्त पेट्रोल आत सोडावे, तर ते सिलिंडरच्या भिंतीवरचे उरलेसुरले वंगण धुऊन नेते. याहून वाईट प्रकार म्हणजे इंजिनाने एकदोनदा ‘खोकून’ बंद पडणे. त्या क्षणिक ज्वलनातून निर्माण झालेली पाण्याची वाफ थंडगार प्लगच्या टोकांवर तत्काळ गोठते, ठिणगीची वाट बर्फाने बुजते, आणि मग सगळे प्लग काढून, गरम खोलीत नेऊन, वाळवून पुन्हा बसविल्याखेरीज गत्यंतर उरत नाही. चौदा सिलिंडरांच्या इंजिनाला असे अठ्ठावीस प्लग असतात. विमानास अशी इंजिने निदान दोन, आणि काम करणाऱ्याच्या हातांत जाड हातमोजे. हातमोजे काढावेत, तर उघडी कातडी धातूला चिकटते. त्या तपमानाचे पेट्रोल हातावर सांडले तर ते उडून जाताना उरलीसुरली ऊबही शोषून घेते, आणि बोटे मिनिटभरात पांढरी पडतात.

बॅटरीविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, शिशाची बॅटरी अशा थंडीत आपल्या नेहमीच्या शक्तीच्या निम्म्याहूनही कमी काम देते, आणि ती अर्धवट उतरलेली असली तर तिच्यातील पाणी गोठून कवचच फुटते. सबब संध्याकाळी विमान थांबले की बॅटरी काढून उबेला नेऊन ठेवणे हा उत्तरेकडील सर्व तळांवरचा जुना शिरस्ता आहे.

या संकटावर मनुष्याने जे तोडगे काढले त्यांतील सर्वांत जुना व सर्वांत साधा तोडगा अलास्कातील व उत्तर कॅनडातील एकांड्या वैमानिकांचा. विमान उतरले की इंजिन गरम आहे तोवरच त्यातील सारे तेल डब्यात काढून घ्यावयाचे, डबा झोपडीत शेकोटीजवळ ठेवावयाचा, आणि सकाळी इंजिनावर जमिनीपर्यंत लोंबणारा कॅनव्हासचा तंबू टाकून त्याच्या पोटात रॉकेलचा वा पेट्रोलचा स्टोव्ह पेटवावयाचा. तासभर, कधी दोन तास, त्या तंबूत स्टोव्हशेजारी उकिडवे बसून राखण करावी लागे. कारण जवळच पेट्रोलने भरलेल्या टाक्या, भोवती कापड आणि मधोमध उघडी ज्योत. जो राखण करताना पेंगला त्याचे विमान भस्मसात झाले, अशी उदाहरणे त्या काळी थोडीथोडकी नव्हती. इंजिन तापले की डब्यातील कढत तेल ओतावयाचे आणि विलंब न लावता पंखा फिरवावयाचा.

रशियनांनीही हीच विद्या आपल्या परीने, परंतु सरकारी प्रमाणावर हस्तगत केली होती. सन १९३७ च्या मे महिन्यात ओट्टो श्मिट यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएट मोहिमेची चार इंजिनी अवजड विमाने फ्रान्झ जोसेफ द्वीपसमूहातील रुडोल्फ बेटावरून निघून उत्तर ध्रुवाच्या बर्फावर उतरली. वोदोप्यानोव्ह या वैमानिकाचे पहिले विमान २१ मे रोजी टेकले. त्या काळच्या सोव्हिएट तळांवर मध्ये कापूस भरून शिवलेली जाड आच्छादने, त्यांच्याखाली ठेवावयाचे दिवे व शेगड्या, आणि तेल व पाणी तापवून आणणाऱ्या खास मोटारी हा सरंजाम नित्याचा होता. हिवाळा त्यांच्या दृष्टीने आपत्ती नव्हता. दरसाल ठराविक मुदतीत येणारे ते एक काम होते.

जर्मनांचे नेमके येथेच चुकले. उघड्या स्टेपवर, जेथे वाऱ्याला अडविणारी टेकडी नाही की झाड नाही, अशा तळांवर हँगरांची सोय जवळजवळ नव्हती. विमाने तरी कोणती? जर्मनीतील प्रशिक्षण-शाळांतून घाईघाईने उपसून आणलेली कित्येक, जी हिवाळी साहित्याविनाच आघाडीवर येऊन थडकली. गरम हवा सोडणारी यंत्रे संख्येने तोकडी. मेकॅनिक उघड्यावर, रात्रंदिवस, त्याच वाऱ्यात. २४ डिसेंबर १९४२ च्या पहाटे सोव्हिएट जनरल बदानोव्हच्या चिलखती दलाचे रणगाडे दाट धुक्यातून तात्सिन्स्काया या मुख्य तळावर चालून आले, तेव्हा गोळीबारात व धुक्यात जी विमाने कशीबशी उडाली ती १२४. उरलेली बरीचशी तेथेच गेली. तळ हलविण्याची परवानगी वरून वेळेवर मिळाली नव्हती, हे त्या अनर्थाचे पहिले कारण खरेच. पण अशा घटकेस थंड इंजिन तापविण्यास लागणारा तास कोणाच्याही पदरी नसतो, हेही तितकेच खरे. पुढे ही युंकर्स विमाने साल्स्कला, आणि जानेवारीत तेथूनही हलून झ्वेरेवो येथे मक्याच्या बर्फाच्छादित शेतात केलेल्या तळावर गेली, म्हणजे जे थोडे साहित्य होते तेही प्रत्येक स्थलांतरात मागे सुटत गेले.

मिल्खने टागानरोगला येताच ज्या गोष्टीविषयी तगादा लावला ती म्हणजे थंड इंजिन चालू करण्याची एक विशिष्ट रीत. ती ऐकताना कोणासही वेडगळ वाटावी अशी आहे : संध्याकाळी इंजिन बंद करण्यापूर्वी त्याच्या वंगणात मुद्दाम पेट्रोल मिसळावयाचे. तेल पातळ होते, रात्रभर थंडी पडली तरी ते थिजत नाही, आणि सकाळी इंजिन स्टार्टरच्या साध्या हिसक्याने फिरू लागते. मग इंजिन तापू लागले की पेट्रोलची वाफ होऊन ती श्वसन-नळीवाटे निघून जाते आणि मागे मूळचे दाट तेल उरते. ही युक्ती पकडलेल्या एका रशियन कैद्याने जर्मनांना हसत हसत करून दाखविली, अशी कथा जर्मन वैमानिकांच्या आठवणींत आढळते, आणि ती ऐकावयास मोठी गोड आहे. तथापि रेख्लिन येथील त्यांच्याच चाचणी-केंद्राला ही रीत पूर्वीपासून अवगत होती. दोष अज्ञानाचा नव्हता. जे कागदोपत्री दफ्तरात होते ते झ्वेरेवोच्या शेतातील मेकॅनिकच्या हातापर्यंत उतरलेच नव्हते. आणि ज्यांच्यापर्यंत उतरले होते त्यांचा, आयुष्यभर तेलात पेट्रोल शिरू न देण्याचीच शिकवण मिळाल्यामुळे, तिच्यावर विश्वास बसत नव्हता.

आदल्या वर्षी, १९४२ च्या फेब्रुवारी ते मे या काळात, देम्यान्स्क येथे वेढलेल्या सुमारे एक लाख सैनिकांना जर्मनांनी हवाई मार्गाने जगविले होते आणि त्या यशानेच पुढच्या हिवाळ्यातील अविचाराला बळ मिळाले. त्या कामगिरीचा प्रमुख फ्रिट्झ मोर्झिक याने युद्धानंतर अमेरिकन वायुदलासाठी जर्मन हवाई वाहतुकीचा जो साद्यंत अहवाल लिहिला, त्यात तळावरची व्यवस्था, इंजिने तापविण्याची साधने आणि यंत्रकर्मींचे हाल यांना मानाचे स्थान आहे. सेनापतींच्या आत्मचरित्रांपेक्षा असले रुक्ष अहवाल मला अधिक विश्वसनीय वाटतात. सहाव्या सैन्याची किमान गरज दिवसाला तीनशे टनांची धरली गेली होती. प्रत्यक्षात सरासरी एकशेवीस टनांच्या आतबाहेर माल पोहोचला. इंजिने सर्व सकाळी चालू झाली असती तर स्टालिनग्राड वाचले असते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण तेवढी विमानेच मुळात जर्मनांपाशी नव्हती. मात्र जी होती त्यांतील मोठा हिस्सा शत्रूने नव्हे तर रात्रीने हिरावून घेतला, एवढे निश्चित म्हणता येते.

त्याच हिवाळ्यात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अलास्कातील फेअरबँक्स गावाजवळच्या लॅड फील्ड या तळावर, अमेरिकन लोक हाच प्रश्न निराळ्या वृत्तीने हाताळत होते. अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच, सन १९४० च्या शरद ऋतूत, मेजर डेल गॅफनी याच्या हाताखाली तेथे शीत-हवामान चाचणीची एक तुकडी तैनात करण्यात आली होती. तिचे काम एवढेच, की जे जे गोठते, तडकते, चिकटते वा बंद पडते त्याची नोंद करावयाची आणि कारखान्यांना कळवावयाचे. रबरी नळ्या काचेसारख्या फुटतात. रात्रभर एका जागी टेकलेली चाके खालून सपाट होऊन राहतात. ओले ब्रेक गोठून विमान जागचे हलत नाही. पंख्याचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेतील तेल थिजल्यामुळे वैमानिकाने दांडा ओढला तरी पाती ढिम्म राहतात. अशा नोंदींचे ढीग साचले, आणि त्यांतून एकेक उपाय सिद्ध होत गेला.

तेलात पेट्रोल मिसळण्याची रीत अमेरिकनांनी विमानातच बांधून टाकली. आपल्याकडे डाकोटा या नावाने सुपरिचित असलेल्या सी-४७ विमानात त्यासाठी एक खटका असे. विमान उतरल्यावर इंजिन मंद गतीने चालवून तेल पुरेसे निवू द्यावयाचे, कारण तेल फार गरम असेल तर घातलेले पेट्रोल तत्क्षणी उडून जाईल. नंतर खटका काही मिनिटे दाबून धरावयाचा. किती मिनिटे? तर ते पहाटे किती थंडी पडणार यावर अवलंबून. म्हणजे मेकॅनिकला संध्याकाळीच दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचा अंदाज बांधावा लागे. पेट्रोल कमी पडले तर इंजिन अडणार. जास्त झाले तर तेलाचा दाब कोसळणार. शिवाय पेट्रोलमिश्रित तेल इंजिनात वर्षानुवर्षे साचलेला गाळ व काजळी सुटी करून गाळण्यांत नेऊन कोंबते. म्हणून पहिल्या एकदोन वेळांनंतर गाळण्या उघडून साफ न करणाऱ्याच्या विमानाचे इंजिन ऐन उड्डाणात जळून जाण्याचा धोका असे. सोपी दिसणारी रीत अशी पदोपदी विवेक मागते.

दुसरा उपाय गरम हवेचा. हर्मन नेल्सन या नावाने ओळखली जाणारी, चाकांवर बसविलेली, पेट्रोल जाळून गरम हवा फेकणारी यंत्रे आणि त्यांना जोडलेल्या कॅनव्हासच्या जाड नळ्या, हे दृश्य उत्तरेकडच्या प्रत्येक लष्करी तळावर कायमचे झाले. एक नळी इंजिनाच्या पुढील भागात, एक मागे तेलाच्या टाकीकडे, एक वैमानिकाच्या खोलीत, कारण तेथील उपकरणांच्या सुयाही थंडीत अडकतात. यातही खोच आहे. केवळ सिलिंडर तापवून मधले कवच थंड राहू दिले तर हात लावणाऱ्यास इंजिन गरम भासते, पण आतला दांडा अजून गारच असतो. आणि वाऱ्याने आत शिरलेला भुसभुशीत बर्फ वितळून त्याचे पाणी खाली साचले, व ते निपटून काढले नाही, तर तेच पाणी पुन्हा गोठून नळ्या बुजवून टाकते. जाणता मेकॅनिक म्हणून आधी बर्फ झाडतो, मग तापवितो, आणि शेवटी पंखा हाताने काही फेरे फिरवून पाहतो. खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचले असेल तर तो तेथेच अडतो, आणि अडलेला पंखा स्टार्टरने रेटण्याचा आततायीपणा केल्यास आतील दांडा वाकतो.

सन १९४२ पासून याच लॅड फील्डवर सोव्हिएट वैमानिक येऊन अमेरिकन विमाने ताब्यात घेऊ लागले आणि बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून सैबेरियाच्या मार्गाने क्रास्नोयार्स्कपर्यंत नेऊ लागले. युद्ध संपेपर्यंत सुमारे आठ हजार विमाने या वाटेने गेली. त्यांत सी-४७ जातीची मालवाहू विमाने सातशेच्या आसपास होती. पृथ्वीवरील वस्तीच्या सर्वांत थंड ठिकाणांत ज्याची गणना होते ते ओइम्याकोन याच मार्गाच्या परिसरातले, आणि तेथेही एक धावपट्टी राखलेली होती.

फेअरबँक्सच्या थंडीचा आणखी एक चमत्कार येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. उणे पस्तीस-चाळीस अंशांच्या खाली, वारा पडलेला असताना, इंजिनांच्या धुराड्यांतून निघणारी पाण्याची वाफ बाहेर येताक्षणी सूक्ष्म बर्फकणांत रूपांतरित होते आणि हवेत तशीच तरंगत राहते. पाचपंचवीस इंजिने एकाच वेळी चालू केली की त्यांच्याच उच्छ्वासाने धावपट्टीवर बर्फाचे धुके दाटते, आणि मोठ्या कष्टाने जागी केलेली विमाने समोरचे दिसेनासे झाल्यामुळे जागीच उभी राहतात.

निसर्गाची थंडी लहरी असते. चाचणीसाठी हवी तेव्हा पडत नाही, आणि पडते तेव्हा माणसांना जेरीस आणते. या अडचणीवर ॲश्ली मॅकिन्ली या अधिकाऱ्याने जी तजवीज सुचविली ती विलक्षण होती : एक प्रचंड हँगर बांधून त्यातच कृत्रिम थंडी निर्माण करावी. हा मॅकिन्ली १९२९ साली ध्रुवसंशोधक बर्डबरोबर दक्षिण ध्रुवावरून उडालेल्या विमानात छायाचित्रकार म्हणून बसलेला असल्यामुळे थंडी म्हणजे काय हे त्याला कोणी सांगावयास नको होते. ही प्रयोगशाळा उभी राहिली ती फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट प्रांतात, एग्लिन तळावर. आणि १९४७ च्या मे महिन्यात, बाहेर लोक घामाने निथळत असताना, आत उणे पन्नासाच्याही खाली नेलेल्या गारठ्यात विमानांची पहिली तपासणी झाली. त्या पहिल्या तुकडीत बॉम्बफेकी व लढाऊ विमानांच्या जोडीला फेअरचाइल्ड कंपनीचे सी-८२ पॅकेट हे मालवाहू विमान होते. या पॅकेटची सुधारलेली आवृत्ती पुढे भारताच्या वाट्याला आली. त्याकडे थोड्या वेळाने वळू.

इंजिन थंड होऊ न देणे हा सर्वांत खात्रीचा उपाय, ही गोष्ट दक्षिण ध्रुवावर जितकी स्पष्ट झाली तितकी अन्यत्र क्वचित झाली असेल. ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी अमेरिकन नौदलाचे एक डाकोटा जातीचे विमान ॲडमिरल ड्यूफेक यांस घेऊन ध्रुवावर उतरले. ध्रुवसंशोधक स्कॉटच्या १९१२ मधील तुकडीनंतर त्या भूमीवर पडलेली ही पहिली मानवी पावले. थंडी उणे पन्नास अंशांची. कॉनरॅड शिन या वैमानिकाने सबंध एकोणपन्नास मिनिटे इंजिने बंद केली नाहीत. तरीसुद्धा निघतेवेळी विमान हलेना, कारण खालच्या स्की बर्फाला चिकटल्या होत्या. इंजिने पूर्ण शक्तीने चालवून, पोटाखाली बांधलेले चार अग्निबाण पेटविले तरी ते जागचे सरकले नाही, आणि उरलेले अकराही पेटविले तेव्हा कोठे ते ओढले गेले. आजदेखील न्यूयॉर्क राज्याच्या एअर नॅशनल गार्डची स्की लावलेली हर्क्युलिस विमाने ध्रुवावरील तळाला रसद नेतात तेव्हा माल उतरेपर्यंत त्यांचे चारही पंखे फिरतच असतात.

हर्क्युलिसची इंजिने टर्बाइनची आहेत, आणि टर्बाइन आल्यापासून या विषयाची कटकट बरीच हलकी झाली, हे प्रांजळपणे नमूद करावयास हवे. त्यात सिलिंडरच्या भिंतीला घासणारे दट्टे नाहीत, दांडा गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरतो, आणि कृत्रिम वंगण उणे चाळीस अंशांतही वाहते. पण कटकट हलकी झाली, संपली नाही. टर्बाइन फिरविण्यास आधी वीज किंवा दाबाखालची हवा लागते. ती पुरविणारे छोटे यंत्र विमानातच असते, आणि थंडीत प्रथम त्यालाच जागे करावे लागते. नेहमीचे जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांवर गोठू लागते. रबरी सील आकसून तेल पाझरू लागते. आणि जागा उंचीवरची असेल तर विरळ हवेमुळे सुरुवातीच्या क्षणांत इंजिनाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. गती वाढण्याऐवजी आतले तपमानच भराभर चढते, आणि वैमानिकाने वेळीच इंधन तोडले नाही तर पाती जळतात.

थंडी आणि उंची यांचा हा दुहेरी जाच ज्यांना सोसावा लागतो त्यांत भारतीय वायुदल अग्रेसर आहे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्या यांस बरोबर घेऊन लेह येथे पहिले डाकोटा उतरविले. लडाखी अभियंता सोनम नोर्बू यांनी सिंधूकाठी तयार केलेली ती पट्टी सुमारे साडेदहा-अकरा हजार फुटांवर होती. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी सी-११९ पॅकेट विमान दौलतबेग ओल्डी येथे, साडेसोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर उतरविले. एग्लिनच्या शीतगृहात पंधरा वर्षांपूर्वी ज्याची परीक्षा झाली त्या विमानाचाच हा पुढचा अवतार. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चुशूलच्या चौदा हजार फुटांवरील पट्टीवर अँटोनोव्ह-१२ विमानांनी रणगाडे नेऊन पोहोचविले. पुढे १९८४ पासून दाखल झालेली अँटोनोव्ह-३२ ही तर मुळात आपल्या उष्ण मैदानांची व उंच धावपट्ट्यांची गरज नजरेसमोर ठेवून अधिक शक्तीची इंजिने बसवून तयार केलेली विमाने. दौलतबेग ओल्डीची पट्टी १९६५ नंतर बंद पडली होती. ३१ मे २००८ रोजी अँटोनोव्ह-३२ तेथे पुन्हा उतरले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी सी-१३० जे हर्क्युलिस.

लडाखच्या हवाई रसदीचा शिरस्ता पाहिला की ध्रुवावरच्या व्यवहाराशी त्याचे साम्य सहज ध्यानात येते. विमान चंडीगडहून पहाटे निघते, सकाळच्या थंड आणि म्हणून काहीशा दाट हवेत लेहला उतरते, माल उतरवून दुपारचे वारे सुटण्यापूर्वी परतते. त्याला वर रात्र काढू देणे शक्यतो टाळतात. सियाचेनच्या हेलिपॅडांवर तर हेलिकॉप्टरचे पंखे थांबवीतच नाहीत. परंतु चंडीगडच्या तळावर त्या विमानाची तयारी मध्यरात्रीनंतरच सुरू झालेली असते, आणि एखादे विमान बिघाडामुळे वरच अडकून पडलेच तर आच्छादने, हीटर, बॅटरी आणि पहाटेचा अंदाज हा सारा जुना व्यवहार इंजिन फिटरच्या गळ्यात पुन्हा येऊन पडतो.

वर आलेली नावे पाहावीत : मेहरसिंग, राजे, शिन, वोदोप्यानोव्ह. सारे वैमानिक. त्यांचे कर्तृत्व वादातीत आहे. पण त्या प्रत्येक विमानाची इंजिने त्या सकाळी ज्यांनी चालू करून दिली त्यांतील एकाचेही नाव माझ्या वाचनात आलेले नाही. वायुदलातील कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर या पदांवर इंजिन फिटर अथवा एअरफ्रेम फिटर म्हणून लेह, थॉइस, चंडीगड येथे नोकरी केलेले निवृत्त सैनिक महाराष्ट्राच्या गावोगावी आहेत. वायुदलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालयच मुळी नागपुरास आहे. डाकोटा आणि पॅकेट यांवर काम केलेले आता फार थोडे उरले असतील. वाचकांपैकी कोणाच्या घरी, शेजारी वा नात्यात असे गृहस्थ असतील, तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे, आणि लेहच्या हिवाळ्यात इंजिन कसे चालू करीत असत हे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावानिशी, तारीखवार लिहून घ्यावे. हे काम पुढच्या दिवाळीपर्यंत टाकू नये.